आई-बाबांचं न्यू जर्सीतलं घर रिकामं करताना: आधी काय, मग काय

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई चार वर्षांपूर्वी गेल्या, बाबा या जानेवारीत. मिडलसेक्स काउंटीत चार बेडरूमचं घर, त्यात पंचेचाळीस वर्षांचा संसार. विचारणारी मुलगी कॅलिफोर्नियात, तिचा भाऊ पुण्यात. घर विकलं गेलंय, क्लोजिंग, म्हणजे घर नव्या मालकाच्या नावावर करून ताबा द्यायचा दिवस, आठ आठवड्यांवर आलंय. एका इस्टेट सेल कंपनीने चाळीस टक्के कमिशन सांगितलं, ती लूट वाटते. कंपनी येण्याआधी डंपस्टर (कचऱ्याचा मोठा भाड्याचा कंटेनर) मागवून घर जरा आवरून घ्यावं का? आईचे देव, साड्या, दागिने, मराठी पुस्तकं यांचं काय करावं? आणि इतक्या लांब बसलेल्या भावाला हिशेब पटेल कसा?

मी मध्य न्यू जर्सीत बरीच वर्षं हेच काम करते. माणूस गेल्यावर किंवा असिस्टेड लिव्हिंगला हलल्यावर त्याचं सामान त्याच घरात मांडायचं, एकेका वस्तूला भाव लावायचा आणि दोन-तीन दिवस दार उघडं ठेवून ते विकायचं. १९६५च्या इमिग्रेशन कायद्यानंतर जे मराठी इंजिनिअर आणि डॉक्टर इकडे आले ती पिढी आता ऐंशीच्या घरात आहे, त्यामुळे पूर्वी क्वचित येणारे मराठी घरांचे फोन आता नेहमीचे झालेत. म्हणून हे उत्तर लांबलचक लिहिते आहे.

डंपस्टरपासून सुरुवात करते, कारण ते अजून थांबवता येईल. मागवू नका. मागवला असेल तर आजच रद्द करा.

बहुतेक कुटुंबं आधी कचरा काढतात, मग गुडविल या संस्थेला दान करतात, उरलेलं विकायला आम्हाला बोलावतात, आणि कागदपत्रं ‘नंतर बघू’ म्हणून खोक्यात भरून कोणाच्या तरी गराजमध्ये नेऊन ठेवतात. हा क्रम उलटा करायला हवा. आधी कागद, मग घरच्यांची वाटणी, मग विक्री, मग दान, आणि कचरा सगळ्यात शेवटी. हातात पैसे कमी पडतात तेव्हा लोक कमिशनला दोष देतात. मी पाहिलेल्या बहुतेक घरांत नुकसान आम्ही दारात पाऊल टाकण्याआधीच झालेलं होतं.

एका घरी गेले तेव्हा वीस यार्डांचा डंपस्टर भरून रवाना झाला होता. वडील टेलिफोन क्षेत्रातले इंजिनिअर. मुलांनी बेसमेंटमधला जुना इलेक्ट्रॉनिक पसारा टाकून दिला होता आणि वरच्या मजल्यावरचं चायना कॅबिनेट, त्यातली सोनेरी काठाची क्रोकरी माझ्यासाठी पुसून-पासून ठेवली होती. त्या क्रोकरीला तीन दिवसांत कोणी हात लावला नाही. बेसमेंटच्या फळीवर मात्र एक रिकामी केस आणि एक मॅन्युअल राहून गेलं होतं, त्यावरून कळलं की तिथे एचपी-३५ होता. हा १९७२ साली ३९५ डॉलरला निघालेला खिशात मावणारा सायंटिफिक कॅल्क्युलेटर. संग्राहक तो आजही शोधत असतात. त्याच फळीवर आणखी काय होतं ते आता कोणालाच सांगता येणार नाही.

मुलांना जे मौल्यवान वाटतं आणि बाजार ज्याला पैसे देतो, त्यांचा मेळ क्वचित बसतो. गडद लाकडाचा, कोरीव पायांचा डायनिंग सेट तुमच्या आई-बाबांनी हप्ते भरून चार हजारांना घेतला असेल. तो तीनशेला गेला तर मी समाधान मानते. हमेलचे पुतळे, लाद्रोची पोर्सेलीन, भिंतीवर लावायच्या ‘लिमिटेड एडिशन’ प्लेट्स, ज्ञानकोशांचे संच, उभा पियानो, यांना आज जवळपास गिऱ्हाईकच नाही. पियानो तर पैसे देऊन उचलून न्यावा लागतो. याउलट १९५० ते ७० या काळातलं साधं, सरळ रेषांचं सागवानी डॅनिश फर्निचर, हर्मन मिलरची खुर्ची, ग्रिसवोल्डचा बिडाचा तवा, रंगीत पायरेक्सचे बाउल, मॅकिंटॉश किंवा मरँट्झचा जुना अँप्लिफायर, चांगली हत्यारं, स्नोब्लोअर यांना पहिल्या तासातच हात लागतात. एलपी फेकू नका. एचएमव्हीच्या शास्त्रीय संगीताच्या एलपी विचारत येणारे अमेरिकन तरुणही मी पाहिलेत.

भारतीय स्वयंपाकघराची जाहिरात मी मुद्दाम वेगळी करते. स्टीलचे डबे, मोठी पातेली, प्रेशर कुकर, इडलीपात्र, वेट ग्राइंडर, सुमीतचा ११० व्होल्टचा मिक्सर. एडिसन-इसेलिनच्या परिसरात नुकतीच आलेली जोडपी हे सगळं शनिवारी सकाळी उचलतात. नेहमीच्या अमेरिकन कंपनीला हे ठाऊक नसतं. ती या वस्तू एका खोक्यात भरून दहा डॉलरची चिठ्ठी चिकटवते. कंपनी निवडताना हा एक प्रश्न जरूर विचारा.

भाव काढताना ईबेवर विकणाऱ्याने मागितलेली किंमत बघू नका. ‘सोल्ड’ हा पर्याय लावून प्रत्यक्षात किती मिळाले ते बघा. मागणारा पाचशे मागतो आणि ती वस्तू चाळीसला विकली गेलेली असते, असं रोज दिसतं.

आता कागद. मराठी घरातली सगळ्यात महाग वस्तू बऱ्याचदा कपाटातल्या शर्टाच्या खोक्यात किंवा एअर इंडियाच्या जुन्या बॅगेत असते: भारतीय कंपन्यांचे कागदी शेअर, बँकेच्या मुदतठेवींच्या पावत्या, एलआयसीच्या पॉलिसी, गावच्या जमिनीचा सातबारा, फ्लॅटचं खरेदीखत, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. हे टाकून दिलं तर इस्टेट सेलच्या कित्येक पट रक्कम कचऱ्यात जाऊ शकते. १ एप्रिल २०१९पासून कागदी शेअरची खरेदी-विक्रीसाठी बदली बंद झाली, पण मृत्यूनंतर वारसाच्या नावावर ते करून घेता येतात. सलग सात वर्षं लाभांश कोणी घेतला नाही की शेअर आयईपीएफ या सरकारी निधीकडे वर्ग होतात. तिथूनही वारसाला ते परत मागता येतात. बँकांमधल्या विसरलेल्या ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेने २०२३ साली ‘उद्गम’ नावाचं पोर्टल सुरू केलं आहे. हे काम पुण्यातल्या भावाकडे द्या. तिथे बसून ते सोपं जातं, आणि त्याचाही हात या कामाला लागतो.

अमेरिकन बाजूला सेव्हिंग्ज बाँड शोधा. डबल-ई मालिकेचे बाँड तीस वर्षांनी व्याज देणं थांबवतात, पण पैसे मिळतातच. शोधायचं ते पानापानाने: पुस्तकं उभी धरून झटका, कोटांचे खिसे उलटे करा, ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून त्याची खालची बाजू बघा, फ्रीझर बघा, तांदळाच्या डब्याचा तळ बघा. नोटा घडी करून पोथीत ठेवायची सवय आपल्याकडे खूप जणींना होती. ज्यावर सोशल सिक्युरिटी नंबर आहे असा प्रत्येक कागद एक तर तुमच्याकडे जाईल, नाही तर श्रेडरमध्ये. विक्रीच्या दिवशी डेस्कच्या कोणत्याही खणात एकही कागद राहता कामा नये.

यानंतर घरच्यांची वाटणी. दोघं भावंडं व्हिडिओ कॉलवर बसा, एकाने फोन घेऊन खोलीखोलीतून फिरा आणि जे विकायचं नाही ते बाजूला काढा. एका खोलीत ठेवून दाराला पट्टी लावा किंवा सरळ घराबाहेर न्या. कंत्राटावर सही झाल्यावर, जाहिरातीत फोटो गेल्यावर ‘तो झोपाळा राहू दे’ म्हणू नका. तो झोपाळा बघून कोणीतरी पेनसिल्व्हेनियाहून गाडी काढून येणार असतं. बऱ्याच कंपन्या अशा काढून घेतलेल्या वस्तूवरही कमिशन लावतात, आणि कंत्राटात तसं लिहिलेलं असतं.

दागिन्यांबद्दल माझं मत ठाम आहे: घरातलं बावीस कॅरटचं सोनं इस्टेट सेलच्या टेबलावर ठेवू नका. इथला सामान्य डीलर चौदा कॅरटच्या हिशेबात वाढलेला असतो, म्हणजे ५८.५ टक्के सोनं. आपल्या पाटल्या-बांगड्या ९१.६ टक्क्यांच्या. जुन्या दागिन्यावर हॉलमार्क नसतो, आईच्या माहेरच्या सोनाराचा छोटा शिक्का असतो, तो इथे कोणाला वाचता येत नाही. एक्सआरएफ यंत्रावर (क्ष-किरणांनी, दागिना न वितळवता) शुद्धता तपासून घ्या, खडे, मोती, लाख आणि दोरा वगळून निव्वळ वजन लिहून घ्या, त्या दिवसाचा भाव लावा, आणि मग दोन-तीन ठिकाणी विचारा. एडिसन-इसेलिनच्या ओक ट्री रोडवरच्या भारतीय सोनारांना निदान वस्तू ओळखू येते. मंगळसूत्र, कुडी, नथ यांचा निर्णय तुम्ही भावंडांनी करायचा. मी तो सुचवत नाही आणि सामान विकून देणाऱ्या कोणत्याही कंपनीला सुचवू देऊ नका.

चांदीत दोन गोष्टी लक्षात ठेवा. अमेरिकन भांड्यावर ‘स्टर्लिंग’ किंवा ९२५ असेल तर ती चांदी; ‘ईपीएनएस’ म्हणजे नुसता मुलामा. आणि स्टर्लिंगची मेणबत्ती-स्टँडची जोडी हातात जड लागली तरी खूश होऊ नका. तळाशी ‘वेटेड’ असं लिहिलेलं असतं. एकदा एक मोडकी जोडी आम्ही कापून पाहिली: बाहेर कागदासारखा पातळ चांदीचा पत्रा, आत सिमेंटसारखा भराव आणि मधून एक लोखंडी सळई. हातात जवळजवळ किलोभर, चांदी त्यात मूठभरही नाही. भारतातून आणलेली चांदीची ताटं-वाट्या मात्र सहसा भरीव असतात, पण शुद्धता दर भांड्याला वेगळी, त्यामुळे तीही यंत्रावर तपासूनच द्या.

देवांचं विचारलंत. विक्रीच्या दिवशी देव्हारा मांडलेला नको. अमेरिकन गिऱ्हाईकाला समई आणि ताम्हन शोभेच्या पितळी वस्तू म्हणून आवडतात आणि त्या विकल्याही जातात. तुमच्या आईच्या हातातलं ताम्हन तसं जावं की नाही हे तुमचं तुम्हीच ठरवा. पूजेतल्या मूर्ती आणि टाक एका भावंडाने घ्यावेत, नाहीतर जवळच्या मंदिरात आधी फोन करून विचारावं. न विचारता मंदिराच्या पायरीवर ठेवून येऊ नका. तिथल्या पुजाऱ्यांकडे अशा मूर्तींची रांग लागलेली आहे.

जुनी पाषाणाची किंवा पंचधातूची मूर्ती असेल तर थांबा. भारताच्या १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. २०२४च्या जुलैत भारत आणि अमेरिका यांच्यात सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध करारही झाला आहे. चांगलं लिलावगृह ‘ही इथे कशी आली’ हे विचारल्याशिवाय मूर्ती घेत नाही. बाबांनी एम्पोरियममधून घेतल्याचं जुनं बिल किंवा ती पुरावस्तू नसल्याचा पुरातत्त्व खात्याचा दाखला फायलीत असेल, तर तो जपून ठेवा.

हस्तिदंताचं कोरीव काम बऱ्याच घरांत निघतं. न्यू जर्सीने २०१४ साली हस्तिदंत आणि गेंड्याच्या शिंगाच्या विक्रीवर बंदी घातली. वारशाने ते कोरीव काम तुमच्याकडे येऊ शकतं, विकता येत नाही. सोन्यात मढवलेलं वाघनख आजोबांच्या पेटीत सापडलं तर तेही मी टेबलावर घेत नाही. त्याचं काय करायचं ते वकिलाला विचारा. बंदूक परवानाधारक विक्रेत्यामार्फतच जाते, दारूच्या बंद बाटल्या परवान्याशिवाय विकता येत नाहीत, उरलेली औषधं कधीच नाहीत, आणि नातवंडांसाठी ठेवलेलं एक बाजू खाली सरकणारं बाळाचं क्रिब असेल तर २०११पासून त्याची विक्री बेकायदा आहे. ते तोडूनच टाका.

साड्या. पैठणी, इरकल, नारायणपेठ आधी घरच्यांनी काढून घ्याव्यात. बाकीच्या रेशमी साड्या इथे कापडाच्या भावात जातात. घेणारे त्यातून उशांचे अभ्रे, पडदे शिवतात. हे ऐकून वाईट वाटलं तर त्या साड्या विकू नका, मावश्यांना आणि मैत्रिणींना वाटा. मराठी पुस्तकांना इस्टेट सेलमध्ये गिऱ्हाईक नाही. स्थानिक मराठी मंडळाचं ग्रंथालय किंवा मराठी शाळा आधी विचारा, पण सरसकट पेट्या पाठवू नका. यादी पाठवा, हवं ते त्यांना निवडू द्या. मिरजेचा तानपुरा किंवा बरी पेटी-तबला असेल तर संगीत शिकवणाऱ्या कोणाकडे तरी जाऊ द्या. सेलमध्ये तो तानपुरा कोणाच्या तरी बैठकीत शोभेला उभा राहील.

चित्रांबाबत एवढंच, की भिंतीवरचं सही असलेलं कोणतंही चित्र तज्ज्ञाने बघितल्याशिवाय त्यावर भावाची चिठ्ठी लावू देऊ नका. २०१६ साली मॅसॅच्युसेट्समधल्या एका घरगुती सेलमध्ये तीस डॉलरला गेलेलं एक रेखाटन पुढे आल्ब्रेख्ट ड्युरर या जर्मन चित्रकाराचं असल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं. आपल्या बाजूचं उदाहरण हुसेन यांच्या १९५४च्या ‘ग्राम यात्रा’चं. एका परदेशी डॉक्टरने ते तेव्हा दिल्लीत घेतलं, पुढे अनेक दशकं ते ओस्लोच्या एका इस्पितळात होतं, आणि मार्च २०२५मध्ये न्यू यॉर्कच्या लिलावात त्याला १ कोटी ३७ लाख डॉलरहून जास्त मिळाले. तुमच्या घरी तसं काही असेल असं मी म्हणत नाही. पण त्या पिढीतले काही जण मुंबईत चित्रकारांना ओळखत होते आणि दीड-दोनशे रुपयांना घेतलेली चित्रं बॅगेत गुंडाळून इकडे आले. एक फोटो लिलावगृहाला पाठवायला पैसे पडत नाहीत.

आता कमिशन. या भागात पस्तीस ते पन्नास टक्के हा चालू दर आहे, त्यामुळे चाळीस ही लूट नाही. समजा एकूण विक्री नऊ हजारांची झाली. चाळीस टक्क्यांनी कंपनीचे छत्तीसशे, तुमचे चोपन्नशे. त्या छत्तीसशेत दोन आठवडे तीन-चार माणसांचं काम असतं: प्रत्येक कपाट उघडणं, निवडणं, टेबलं मांडणं, शेकडो चिठ्ठ्या, फोटो, जाहिरात, विक्रीचे दिवस, कार्डाचा खर्च, विमा. आणि आमची खरी पुंजी म्हणजे गिऱ्हाईकांची यादी. हत्यारं घेणारा, एलपी घेणारा, जुने कॅमेरे घेणारा, प्रत्येकाला आम्ही आधी कळवतो. तुम्ही स्वतः गराज सेल लावलीत तर कमिशन वाचेल, पण हे लोक येणार नाहीत. शेजारी येतील आणि डॉलरची वस्तू पन्नास सेंटला मागतील. दराबद्दल घासाघीस करण्यापेक्षा दराबाहेर काय काय आकारलं जातं ते विचारा: जाहिरातीचे वेगळे, कचऱ्याचे वेगळे, साफसफाईचे वेगळे, किमान रक्कम वेगळी. पस्तीस टक्के सांगून वरून हे सगळं लावणारी कंपनी चाळीसवाल्यापेक्षा महाग पडते.

एकरकमी रक्कम देऊन सगळं घर उचलतो म्हणणारा भेटेल. घाई असली तर मोह होतो. त्याला कशात पैसा दिसला हे तो तुम्हाला सांगणार नाही. दागिने, चित्रं, नाणी आणि कागद बाहेर काढल्यानंतरच अशा प्रस्तावाकडे बघा.

या धंद्याला बहुतेक राज्यांत वेगळा परवाना लागत नाही, त्यामुळे पारख तुम्हालाच करायची आहे. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे त्या कंपनीच्या चालू असलेल्या सेलला गिऱ्हाईक म्हणून जा. तुम्ही लांब आहात, तर एडिसनमधल्या एखाद्या मैत्रिणीला पाठवा. दागिने काउंटरजवळ कुलुपात आहेत का, प्रत्येक मजल्यावर माणूस आहे का, भावाच्या चिठ्ठ्या नीट आहेत का की विचारल्यावर तोंडाला येईल ते सांगतात, बाथरूमचं दार बंद आहे का, एवढं बघितलं तरी पुरतं. मग कंत्राट मागा आणि त्यात हे शोधा: कंपनीची माणसं स्वतः काही विकत घेणार नाहीत, सापडलेली रोकड, कागद आणि फोटो तुमच्याकडे परत येतील, ठराविक रकमेवरच्या वस्तूंची यादी आणि त्यांची किमान किंमत तुम्हाला आधी मिळेल, विमा आहे, न विकलेलं सामान कोणाचं, पैसे किती दिवसांत. पहिल्या मुद्द्यावर जो चाचरतो त्याला घरात घेऊ नका. भाव लावणारा आणि विकत घेणारा एकच असेल तर तुमच्या बाजूने कोणीच उरत नाही.

कंत्राटावर सही करायचा अधिकार मृत्युपत्रात नेमलेल्या एक्झिक्युटरचा, नुसत्या थोरल्या मुलाचा किंवा मुलीचा नाही. न्यू जर्सीत मृत्यूनंतर दहा दिवस झाल्याशिवाय मृत्युपत्र दाखल होऊन हा अधिकार मिळत नाही. काउंटीच्या सरोगेटच्या (मृत्युपत्रं दाखल करून घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या) कचेरीतून त्याचं प्रमाणपत्र मिळतं. जानेवारीपासून बराच काळ गेलाय, तेव्हा ते झालेलं असेल. नसेल तर उद्याचं पहिलं काम ते. दोघं भावंडं एक्झिक्युटर असाल तर दोघांच्या सह्या लागतील.

आणखी एक चौकशी लगेच करा. घर एखाद्या घरमालकांच्या असोसिएशनमध्ये (आपल्याकडच्या सोसायटीसारख्या) असेल तर तिथे दारात लोकांची गर्दी चालते का? पंचावन्न वर्षांवरच्यांच्या वसाहतींत बहुधा चालत नाही. तिथे ऑनलाइन लिलाव करावा लागतो: प्रत्येक वस्तूचा फोटो, आठवडाभर बोली, आणि एका ठराविक दिवशी वेळ घेऊन सामान नेणं. काही टाउनशिपना परवानगीचा अर्जही लागतो. वीज, पाणी, हीटिंग बंद करू नका, आणि विमा कंपनीला घर रिकामं असल्याचं कळवा. तीस किंवा साठ दिवस कोणी राहत नसेल तर बऱ्याच पॉलिसींचं संरक्षण कमी होतं. हिवाळ्यात पाइप फुटला तर सेल राहील बाजूला, क्लोजिंगच अडकेल.

विक्री शुक्रवारी सुरू होते. पहाटेपासून दारावर यादी असते, येणारा नाव लिहून नंबर घेतो, आणि नऊ वाजता आम्ही पंधरा-वीस जणांनाच आत सोडतो. पहिले बहुतेक डीलर, ते सरळ बेसमेंट आणि गराजकडे पळतात. पहिल्या दिवशी पूर्ण भाव, शनिवारी पाव सूट, रविवारी निम्मा. महाग वस्तूंसाठी काउंटरवर एक बंद पेटी असते. सहाशेच्या खुर्चीला कोणी चारशे देणार असेल तर चिठ्ठीवर आकडा, नाव, फोन लिहून त्यात टाकतो. शनिवारी संध्याकाळपर्यंत खुर्ची पूर्ण किंवा सवलतीच्या भावाला गेली नाही, तर पेटी उघडून सगळ्यात मोठ्या आकड्याला फोन जातो. पहिल्याच तासात भाव पाडायची गरज त्यामुळे पडत नाही.

विक्रीच्या दिवशी घरच्यांनी तिथे थांबू नये, ही माझी विनंती आहे. बाबांच्या टेबललॅम्पवरून कोणीतरी पाच डॉलरवरून तीनवर घासाघीस करतंय हे ऐकणं जड जातं, आणि घरचं माणूस समोर दिसलं की गिऱ्हाईकही हात आखडतो.

आठ आठवडे पुरेसे आहेत, पण आजपासून धरले तर. पहिला आठवडा कागदांचा, त्यासाठी तुम्ही स्वतः यावं. दुसरा वाटणीचा आणि कंपनी ठरवण्याचा. त्यापुढचे तीन कंपनीला द्या, मांडणी आणि जाहिरात त्यात बसते. सहाव्याच्या शेवटी सेल. सातव्यात दान आणि कचरा: बरं फर्निचर हॅबिटॅट या संस्थेच्या रीस्टोर नावाच्या दुकानाला, पण ते उचलायला येण्याची तारीख आत्ताच घेऊन ठेवा, ऐन वेळी मिळत नाही. तुमचा तो डंपस्टर या आठवड्यात मागवा, आणि बघाल, निम्म्या आकाराचा पुरेल. आठवा आठवडा मोकळा ठेवा, कारण शेवटच्या पाहणीच्या वेळी घर झाडून स्वच्छ द्यावं लागतं आणि ॲटिकमध्ये नेहमी काहीतरी राहिलेलं असतं.

शेवटी पुण्याच्या भावाचा हिशेब. कंपनीचा चेक तुमच्या नावाने घेऊ नका. इस्टेटच्या, म्हणजे बाबांच्या मागे राहिलेल्या मालमत्तेच्या, नावाचा स्वतंत्र करक्रमांक घेऊन बँकेत इस्टेटचं खातं उघडा आणि चेक तिथेच जमा करा. मोठ्या वस्तूंची ओळवार यादी, बाकीची रोजची एकूण विक्री, कमिशन, इतर खर्च आणि निव्वळ रक्कम असलेलं पत्रक कंपनीकडून मागा, आणि ते ज्या दिवशी येईल त्याच दिवशी जसंच्या तसं त्याला पाठवा. मांडणी झाल्यावर, दार उघडण्याआधी, चिठ्ठ्यांसकट सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ कंपनीकडून घ्या. भावंडांमधले बरेच संशय त्या व्हिडिओने मिटतात. कराची फार धास्ती नको. वारशाने आलेल्या वस्तूची मूळ किंमत मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावाने धरली जाते, त्यामुळे घरगुती सामानावर नफा क्वचितच निघतो. न्यू जर्सीचा इस्टेट टॅक्स २०१८पासून नाही आणि मुलांना इथला वारसाकर लागत नाही. भारतातही १९८५पासून इस्टेट ड्यूटी नाही. तरी मोठं चित्र किंवा बरंच सोनं असेल तर सीपीएला (इथल्या सीएला) आधी विचारा. भावाचा वाटा इस्टेटच्या खात्यातून थेट त्याच्या भारतातल्या खात्यात पाठवा आणि सोबत मृत्युपत्राची आणि हिशेबाच्या पत्रकाची प्रत द्या. त्याच्या बँकेने पैसे कुठून आले असं विचारलं, तर तेवढे कागद दाखवून काम होतं.